भाड्याची मोटार आणि अग्नीचें बेट

सुटीचे दिवस सरले म्हणजे आमच्या पैठणांत हल्लीं एक नवा समारंभ सुरू होतो. पूर्वीं कोणी काशीहून परत आला कीं त्याच्या घरीं गंगापूजन होई, आळींतलीं माणसें तीर्थ घ्यावयास जात आणि प्रवासांतील हालअपेष्टांचें व विश्वेश्वराच्या दर्शनाचें वर्णन ऐकत बसत. आतां कोणी मॉरिशसहून परत आला कीं त्याच्या घरीं मोबाइलवरचीं छायाचित्रें पाहावयास जावें लागतें. काळ बदलला, तीर्थें बदललीं. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. गेल्या दिवाळीनंतर अशाच एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही बसलों होतों. चिवड्याची बशी आमच्या हातीं देऊन त्यांनीं चित्रें दाखविण्यास आरंभ केला. प्रत्येक चित्राबरोबर त्यांचा एक शब्द ठरलेला होता. "हें ज्वालामुखीचें विवर, हें झालें. ही सात रंगांची माती; ही झाली. हा धबधबा, हाहि झाला." शेवटीं मोबाइल खालीं ठेवून ते समाधानानें म्हणाले, "मोटार भाड्यानें घेतली हें फार बरें केलें. पांच दिवसांत सगळें बेट झालें."

या 'झालें' शब्दावर आमचा आक्षेप आहे. जेवण होतें, मुंज होते, कर्जाचा हप्ता फेडून होतो. पण बेट होतें म्हणजे काय होतें? लाखों वर्षें समुद्रांतून वर येत राहिलेली भूमि पांच दिवसांत आमच्या हातून उरकते, असें आम्हांस खरोखर वाटतें काय? स्नेह्यांची थट्टा करण्याचा मात्र आम्हांस अधिकार नाहीं. त्यांच्या आधीं एक वर्ष आम्हीहि सहकुटुंब त्याच बेटावर गेलों होतों. आम्हींहि विमानतळावरच मोटार भाड्यानें घेतली होती. आणि पहिले तीन दिवस आमचेंहि बेट असेंच भराभर होत चाललें होतें. तेव्हां ही टीका प्रथम आमच्यावर आहे, इतरांवर मागाहून.

परंतु मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वीं दुसऱ्या एका पक्षाचा समाचार घेणें अवश्य आहे. नाहीं तर आमचें म्हणणें त्यांच्याच पदरांत पडावयाचें. हा पक्ष म्हणतो, "एवढ्या दूर जाण्याचें कारणच काय? येथें नाथांचा वाडा आहे, गोदामाई आहे, १९७६ सालापासून तर नाथसागराचें एवढें थोरलें पाणी दाराशीं आलें आहे. हीं सर्व सोडून परक्या बेटावर पैसा उधळावयाचा तो कशासाठीं?" हें बोलणें ऐकावयास गोड लागतें, पण तें पैठणच्या तोंडीं शोभत नाहीं. पैठण हें घरकोंबड्यांचें गांव कधींच नव्हतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या प्रवासवृत्तांत पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हें नगर असून तेथून मौल्यवान खडे पुष्कळ प्रमाणांत गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखांतून बंदरावर आणीत, असें त्यांत नमूद आहे. ज्या गांवच्या गाड्या दोन हजार वर्षांपूर्वीं वाट नसतांना समुद्रापर्यंत जात होत्या, त्या गांवच्या माणसानें वाट असतांना घरीं बसावें, हा उपदेश आम्हांस मान्य नाहीं. जावें, अवश्य जावें. वाद जाण्याविषयीं नसून जाण्याच्या रीतीविषयीं आहे.

मॉरिशसचें मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरांचें, म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पांचव्या हिश्शाएवढेंहि नाहीं. वाहनें आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, त्यामुळें आपल्याकडील माणसास मोटार हांकण्यास फारसा संकोच वाटत नाहीं. सकाळीं निघालें तर बेटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जाऊन रात्रीं जेवावयास परत येतां येतें. सोयीची ही परमावधि. आणि घात होतो तो येथेंच. मोटार दिवसाच्या भाड्यानें घेतलेली असते. ती उभी राहिली कीं पैसा वायां गेला असें वाटूं लागतें. मग एक यादी होते, यादीवर वेळा पडतात आणि हांकणारा गृहस्थ आपल्याच बायकामुलांचा मुकादम बनतो. "उतरा, पाहा, फोटो काढा, चला." मोटार आमच्या सेवेस आणलेली, दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत तिच्या सेवेस आम्ही लागलों होतों.

आतां आम्हीं तेथें पाहिलें काय, तें सांगतों. क्यूरपीप गांवाजवळ ट्रू ओ सेर्फ नांवाचें एक विझलेलें विवर आहे. त्याच्या कांठाभोंवतीं रस्ता असल्यामुळें तें मोटारींतूनहि पाहतां येतें. तोंडाशीं त्याची रुंदी ३०० ते ३५० मीटर. तें पाहून आमच्या मंडळींनीं आश्चर्यानें तोंडांत बोटें घातलीं. मात्र बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें विवर याच्या पांचपट रुंद, म्हणजे सुमारें १.८ किलोमीटर आहे, हें त्यावेळीं आमच्यापैकीं कोणासहि आठवलें नाहीं. लोणार हें ज्वालामुखीचें तोंड नसून उल्कापातानें पडलेला खळगा आहे, हें खरें; परंतु तो पडला आहे ज्वालामुखीच्याच खडकांत, आणि पैठणहून लोणारला सकाळीं निघून संध्याकाळीं परत येतां येतें. आमच्या घरांतील निम्म्या माणसांनीं तें अजून पाहिलेलें नव्हतें!

पुढें शामारेल येथें तिकीट काढून सात रंगांची माती पाहिली. ही माती म्हणजे काळ्या अग्निजन्य खडकाची दीर्घकाळ झीज होऊन, त्यांतील लोह व अॅल्युमिनियम यांच्या संयुगांनीं धरलेले नानाविध रंग होत. दृश्य सुंदर आहे यांत संशय नाहीं. पण सह्याद्रीचा कोणताहि घाट उतरतांना रस्त्याच्या कापलेल्या बाजूकडे पाहावें. काळ्या खडकाच्या दोन जाड थरांमध्यें गेरूसारखा तांबडा पट्टा अनेक ठिकाणीं दिसतो. लाव्ह्याचा एक लोट थंड झाला, त्यावर ऊनपाऊस पडून माती झाली, आणि त्या मातीवर पुढचा लोट येऊन पसरला; त्या दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीची ती तांबडी खूण आहे. तिच्यासमोर तिकिटाची खिडकी नाहीं, म्हणून तिच्याकडे पाहणारा डोळाहि नाहीं.

आमच्या म्हणण्याचें मर्म येथें आहे. ज्या अग्नीनें तें बेट घडविलें, त्याच अग्नीनें पैठणच्या पायांखालची भूमि घडविली, असें बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांचें मत आहे. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं आपला भूखंड आजच्या जागेपासून पुष्कळ दक्षिणेस असतांना पृथ्वीच्या पोटांतील एका उष्ण स्रोतावरून सरकत होता. त्या काळीं भेगांतून लाव्ह्याचे लोटांवर लोट बाहेर पडून दख्खनचें पठार तयार झालें. पुढें भूखंड उत्तरेस सरकला; स्रोत मागें राहिला. त्याच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या बुडालेल्या पर्वतरांगा उठल्या. ८० ते ९० लक्ष वर्षांपूर्वीं मॉरिशस वर आलें. आणि आज तोच स्रोत शेजारच्या रेयुनियों बेटाखालीं धुमसत आहे. तेथील पितों द ला फुर्नेझ हा २,६०० मीटरांहून उंच पर्वत आजहि वरचेवर लाव्हा ओकतो. २००७ सालच्या उद्रेकांत त्याचा लोट किनाऱ्यावरचा हमरस्ता गिळून समुद्रांत उतरला. म्हणजे नागघाटाच्या पायऱ्यांचा काळा पाषाण आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावरचा काळा पाषाण हीं एकाच चुलीवरचीं दोन भांडीं. एक फार पूर्वीं उतरविलेलें, दुसरें अलीकडे. पेरिप्लसकारानें ज्यांचा उल्लेख केला तसले खडे, म्हणजे आपण अकीक म्हणतों ते, याच लाव्ह्यांतील वायूच्या पोकळ्यांत सावकाश सांचत गेलेले असतात. पैठणनें जगाला जें विकलें, तें त्या जुन्या अग्नीचेंच देणें होतें.

हें ज्ञान आम्हांस बेटावर जाण्यापूर्वीं नव्हतें, हें कबूल करण्यास लाज वाटते. त्याहून मोठी लाज पुढें आहे.

तीन दिवस आम्ही ज्या रस्त्यांनीं फिरलों, त्यांच्या दोहों बाजूंस उंसाचीं शेतें होतीं आणि त्या शेतांमध्यें काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग होते. कांहीं वेडेवांकडे, कांहीं भिंतीसारखे रचलेले, कांहीं तर पायऱ्यापायऱ्यांचे. हे ढीग कसले, असें पुतण्यानें एकदां विचारलें. "असतील कसले तरी," असें उत्तर देऊन आम्हीं मोटार पुढें काढली, कारण धबधब्याची वेळ टळत होती. चौथ्या दिवशीं पश्चिमेकडील एका आडरस्त्यावर चाक पंक्चर झालें. स्टेपनी काढून पाहतों तों तींत हवा नाहीं. मोटार देणाऱ्या इसमाचा माणूस येण्यास दोन तास लागतील असें कळलें. आमच्यांत या अनर्थाचा दोष कोणाचा याविषयीं शुद्ध मराठींत खडाजंगी सुरू झाली. आणि ती ऐकून शेजारच्या घरांतून एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले. त्यांनीं विचारलें, "मराठी काय हो? कुठले तुम्ही?"

"पैठणचे."

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाथांचें पैठण?"

आम्ही कोठून आलों हें त्यांना ठाऊक होतें. ते कोठून आले याचा विचारहि आमच्या मनांत आला नव्हता. त्यांची मराठी कोंकणच्या वळणाची, मध्येंच क्रेओल भाषेंत शिरणारी. पण आरती त्यांस पाठ होती आणि जाखडी नाच गांवांत अजून होतो, असें त्यांनीं सांगितलें. त्या बेटावर गणेशचतुर्थीस सरकारी सुटी असते, तेथील शाळांत मराठी शिकवितात, मोका येथील महात्मा गांधी संस्थेंतहि मराठीचा अभ्यास होतो, हें आम्हांस त्या दोन तासांत कळलें. त्या दगडांच्या ढिगांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे आमच्या वाडवडिलांनीं उचललेले." सगळी जमीन लाव्ह्याच्या धोंड्यांनीं भरलेली, ऊंस लावण्यासाठीं ते एकेक धोंडे हातांनीं उचलून शेतांत रचले गेले. आधीं गुलामांच्या हातांनीं, आणि १८३५ सालीं गुलामगिरी बंद झाल्यावर हिंदुस्थानांतून करारावर आणलेल्या मजुरांच्या हातांनीं. यांत्रिक शेतीसाठीं पुष्कळ ढीग पुढें हलविले गेले. जे राहिले आहेत ते आम्हीं तीन दिवस वाऱ्याच्या वेगानें मागें टाकले होते.

त्या मजुरांचा इतिहास थोडक्यांत सांगणें भाग आहे, कारण भाड्याच्या मोटारीशीं त्याचा फार जवळचा संबंध आहे. १८३४ ते १९२० या काळांत सुमारें ५ लक्ष मजूर हिंदुस्थानांतून मॉरिशसला उतरले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले रत्नागिरी व सिंधुदुर्गाकडील मराठी लोकहि होते. पोर्ट लुई येथें ज्या धक्क्यावर ते उतरत, तेथील १६ पायऱ्या अजून आहेत. 'आप्रवासी घाट' या नांवानें २००६ सालीं त्या स्थळाचा जागतिक वारशांत समावेश झाला. गिरमिटाच्या काळीं एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचें वेतन कापण्याची रीत तेथें होती. आमची मोटार एक दिवस उभी राहिली तर एक दिवसाचें भाडें फुकट गेलें म्हणून आम्ही हळहळतों. त्या मजुरास एक दिवस बसण्याचा दंड दुपटीनें भरावा लागे. आणखी ऐका. करार संपलेल्या मजुरासहि बेटावर मोकळेपणें हिंडण्याची मुभा नव्हती. १८६७ च्या कायद्यान्वयें त्यानें स्वतःचें छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगलाच पाहिजे असा नियम झाला. तो जवळ नसला तर भटक्या ठरवून त्यास कैदेंत टाकीत. हे जुलूम इतके वाढले कीं, १८७१ सालीं हजारों मजुरांचा अर्ज गव्हर्नराकडे गेला आणि चौकशीसाठीं इंग्लंडहून आयोग पाठवावा लागला. त्या काळचीं तीं छायाचित्रें मोका येथील संस्थेच्या दप्तरांत जपून ठेवलेलीं आहेत.

वाचकहो, या दोन छायाचित्रांची तुलना आम्हीं करावी असें नाहीं. ती आपोआप होते. ज्या बेटावर आपल्याच भाषेच्या माणसास एका मळ्यांतून दुसऱ्या मळ्यापर्यंत जाण्यासाठीं स्वतःचें चित्र दाखवावें लागे, त्या बेटावर आपण चावी फिरवून वाटेल त्या दिशेस जातों आणि जेथें जाऊं तेथें स्वतःचेंच चित्र काढून परत फिरतों. हिंडण्याचें स्वातंत्र्य ही लहान गोष्ट नव्हे. थांबावेसें वाटेल तेथें थांबणें, वळावेसें वाटेल तेथें वळणें, विचारावेसें वाटेल त्यास विचारणें, हा त्या स्वातंत्र्याचा अर्थ आहे. भाड्याची मोटार तें स्वातंत्र्य पुरतेपणीं देते, आणि आपण तें यादीच्या हवालीं करून मोकळे होतों.

यावर कोणी म्हणेल, "अहो, सुटी ही विश्रांतीसाठीं असते. वर्षभर कचेरींत राबलेल्या माणसानें चार दिवस समुद्रकांठीं घालविले, तर तेथेंहि त्याच्यापुढें इतिहास आणि भूगर्भशास्त्र मांडावयाचें काय?" आक्षेप वाजवी आहे. जो खरोखर वाळूवर पडून राहील, लाटा पाहील आणि कांहींएक करणार नाहीं, त्याच्याशीं आमचा वाद नाहीं. तो विश्रांति घेतो आणि प्रामाणिकपणें घेतो. आमचा वाद आहे तो दिवसांतून आठ ठिकाणें पाहून घामाघूम होणाऱ्याशीं. त्याच्या पदरीं विश्रांतिहि पडत नाहीं आणि ज्ञानहि पडत नाहीं; चारशें चित्रें तेवढीं पडतात. दोन तास दगडावर बसून एका वृद्धाशीं बोलण्यांत आम्हांस जो विसावा मिळाला, तो आधींच्या तीन दिवसांत एकदांहि मिळाला नव्हता. विश्रांति आणि समजूत यांचें वैर नाहीं. दोहोंचें वैर घाईशीं आहे.

प्रवासाची खरी रीत आपणांस परक्याकडून शिकावयाची नाहीं. नाथांची पालखी आषाढीसाठीं पैठणहून निघते तेव्हां तिच्या वाटेवर मुक्काम ठरलेले असतात. वारकरी आपल्या वाटेची गणना मुक्कामांनीं करतो. मुक्काम म्हणजे जेथें अंग टेकावें, गांवची भाकर खावी आणि गांवच्या माणसाशीं बोलावें अशी जागा. आमचा नवा प्रवासी पॉइंटांची गणना करतो. आणि पॉइंट म्हणजे जेथून लगेच निघावयाचें अशी जागा. मॉरिशसमध्येंहि हा भेद डोळ्यांसमोर दिसतो. तेथील गंगा तलाव हें विवरांत सांठलेलें तळें आहे. महाशिवरात्रीस बेटाच्या कानाकोपऱ्यांतून हजारों लोक खांद्यावर कांवडी घेऊन तेथें पायीं जातात. कित्येकांस वाटेंत रात्री काढाव्या लागतात. आम्ही त्याच रस्त्यानें मोटारींतून गेलों, महादेवाच्या उंच मूर्तीसमोर उभे राहिलों आणि वीस मिनिटांत परत फिरलों. तळें आमचेंहि झालें, त्यांचेंहि झालें. या दोन 'झालें'मध्यें किती अंतर आहे, तें ज्याचें त्यानें मोजावें.

म्हणून आमचें सांगणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, मोटार अवश्य घ्यावी. पण घेतल्यानंतर तिचें भाडें विसरावें आणि निदान दोन दिवस यादी घरींच ठेवावी. दुसरी, मॉरिशसला जाणाऱ्या मराठी कुटुंबानें आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवर बसल्याखेरीज आणि तेथील एखाद्या मराठी गांवीं देवळांत जाऊन चार माणसांशीं बोलल्याखेरीज परत येऊं नये. ते लोक आपली वाट पाहत बसलेले नाहींत, त्यांचें आपल्यावांचून चाललें आहे. अडलें असेल तर आपलें अडलें आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि बिनखर्चाची: जाण्यापूर्वीं मुलांस घरचा दगड दाखवावा.

या तिसऱ्या गोष्टीचें कारण सांगून लेख संपवितों. आम्ही परत आल्यावर पांचवींत शिकणाऱ्या त्या पुतण्यास शाळेंत ज्वालामुखीवर निबंध लिहावयास सांगितला. त्यानें लिहिलें, "भारतांत जागृत ज्वालामुखी एकच असून तो अंदमानांतील बॅरन बेटावर आहे. ज्वालामुखी पाहण्यासाठीं आम्ही मॉरिशसला गेलों होतों." गुरुजींनीं पूर्ण गुण दिले आणि ते योग्यच दिले, लिहिण्यांत चूक कांहींच नव्हती. चूक आमची होती. ज्या घरांत बसून त्यानें तो निबंध लिहिला, त्याचा पाया लाव्ह्यावर आहे. जी काळी जमीन त्याला कापूस व बाजरी देते, ती त्याच लाव्ह्याची झीज आहे. आणि वेरूळचें कैलास लेणें त्याच खडकांतून वरून खालीं कोरून काढलें आहे. हें त्याला कोणींच सांगितलें नव्हतें.

त्या रविवारीं आम्ही त्याला नागघाटावर घेऊन गेलों. मोटार घरींच ठेविली होती. पायरीच्या दगडावर बारीक भोकें होतीं, त्यांत त्यानें बोट घालून पाहिलें. लाव्हा थंड होतांना त्यांतील वाफ येथून निघून गेली, असें आम्हीं सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "ते आजोबा ज्या ढिगाकडे बोट दाखवीत होते, त्यांतल्या दगडांनाहि अशींच भोकें असतील ना?" होतीं, आम्ही त्या दगडांवर दोन तास बसलों होतों आणि तीं पाहिलीं होतीं. स्टेपनींत हवा असती तर या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नसतें.